जासुदांची जोडी

१४ जानेवारी १७६१. पानिपतावर अजून उजाडायचं होतं. अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेला काशिराज पंडित मात्र जागाच होता. सदाशिवरावभाऊंची शेवटची चिठ्ठी नुकतीच त्याच्या हाती पडली होती. ती वाचून होते न होते तोच नवाबाचे हरकारे येऊन थडकले. मराठे खंदकाबाहेर पडून चालून येताहेत, असं त्यांचं सांगणं. शुजानं तडक अब्दालीचा तंबू गाठला. अब्दाली उठला, दाराशी खोगीर घालून तयार ठेवलेल्या घोड्यावर बसला आणि छावणीच्या पुढं जाऊन चौकशी करू लागला. बातमी आणली कुणी? काशिराजाला बोलावणं गेलं. एवढ्यात अब्दालीचेच काही सरदार दुसरीच खबर घेऊन आले : मराठे पळाले! आता खरं कुणाचं धरायचं? अब्दालीनं हुक्का मागवला आणि घोड्यावर बसल्या बसल्या तो ओढत राहिला. थोड्या वेळानं मराठ्यांच्या तोफा कडाडल्या. तेव्हा कुठं हुक्का नोकराच्या हाती देत तो शुजाला म्हणाला, की तुमच्या माणसाची बातमी खरी निघाली.

हा सगळा प्रसंग काशिराजानंच पुढं फारसीत लिहून ठेवला. हा पंडित मूळचा महाराष्ट्रातला, चाकरी उत्तरेतल्या नवाबाची, आणि दोन्ही गोटांतल्या चिठ्ठ्याचपाट्या त्याच्या हातून जायच्या. त्यामुळं त्याची हकिगत वाचताना तोफा आणि हत्ती यांच्यापेक्षा कागद आणि कान यांचीच लढाई जास्त दिसते. त्या पहाटे अब्दालीला बातम्यांचा तोटा नव्हता. एकाच छावणीबद्दल एकमेकींना छेद देणाऱ्या दोन खबरा त्याच्यापुढं होत्या, आणि कुठली पक्की हे ठरवायला हाताशी वेळ थोडा होता. दख्खनच्या इतिहासात सतराव्या-अठराव्या शतकांत बातमी आणणारे सगळ्यांकडेच होते. फरक पडला तो ती पारखणाऱ्यांमुळे.

मराठी कागदांत हा बातमी आणणारा माणूस अनेक नावांनी भेटतो. जासूद, कासीद, हरकारा, नजरबाज, बातमीदार. टपाल वेगळं आणि हेरगिरी वेगळी ही वाटणी आजची. त्या काळी पत्र पोहोचवणारा जासूद वाटेत दिसलं ते डोळ्यांत साठवून यायचा आणि थैली हवाली केल्यावर त्याला तोंडी विचारपूस व्हायची. फौज कुठं उतरली, नदीला उतार आहे का, बाजारात दाणा काय भावानं मिळतो. दाण्याचा भाव विचारण्यात मोठीच मेख होती. एखाद्या पेठेत धान्य एकाएकी महागलं, तर जवळपास मोठा लष्करी तळ पडलाय किंवा पडणार आहे हे सांगायला वेगळा हेर लागत नसे.

पत्रं बहुधा जोडीनं धाडली जात. ‘जासूद जोडी’ हे शब्द पेशवाईच्या पत्रांत पावलोपावली येतात. एक आजारी पडला, वाघानं खाल्ला, चौकीवर अडकला तर दुसरा पुढं जाईल, हा त्यातला सरळ हिशेब. शिवाय दोघं एकमेकांवर नजर ठेवत, हाही होताच. महत्त्वाचा मजकूर असेल तर त्याची नक्कल वेगळ्या वाटेनं जाई. भाड्यानं घेतलेल्या जासुदाला अजुरा ठरवून मिळे आणि तो बहुतेकदा दिवसांच्या बोलीवर : इतक्या दिवसांत पोहोचलास तर इतके रुपये. फारच निकड असली तर सांडणीस्वार निघे.

फौजेची ओळख असलेला माणूस शत्रूच्या मुलखात शिरणं अवघडच. गोसावी, बैरागी, फकीर आणि व्यापारी यांना मात्र सगळ्या चौक्या मोकळ्या होत्या, त्यामुळं या वेषांना कायम मागणी असे. सगळ्यांत पक्की खबर बहुधा सावकारांकडे सापडायची. त्यांच्या हुंड्या सुरतेपासून बनारसेपर्यंत फिरत. कुठल्या सरदाराची पत बुडाली आणि कुणी घाईघाईनं पैसा हलवला, हे त्यांना दरबाराआधी कळायचं.

शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचं नाव घेतलं की मराठी माणसाच्या तोंडी बहिर्जी नाईक येतोच. त्याच्यावर कादंबऱ्या झाल्या, चित्रपट झाले. समकालीन कागदांत मात्र तो फार थोडा सापडतो. सभासदाच्या बखरीत, म्हणजे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीत लिहिलेल्या बखरीत, जासूद म्हणून त्याचं नाव येतं आणि सुरतेच्या मोहिमेशी ते जोडलेलं आहे. उरलेलं बरंचसं लोकांनी प्रेमानं भरलेलं आहे. त्यात तक्रार करावी असं काही नाही. ज्याचं काम कागदावर राहिलं तो हेर कसला!

पण सुरतेची गोष्ट बहिर्जीचं नाव बाजूला ठेवूनही बोलकी आहे. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेजवळ उतरले तेव्हा शहरात बोलवा अशी पसरली होती, की हा बादशहाचाच कुणी उमराव असून बंड मोडायला अहमदाबादेकडे निघाला आहे. इंग्रजांच्या वखारीतल्या पाद्र्यानं आपल्या पत्रात ही अफवा नोंदवून ठेवली आहे. स्वतःची खबर झाकायची तर नुसतं गप्प राहून भागत नाही, त्या जागी दुसरी खबर सोडावी लागते. सुभेदार इनायतखानाला खरं कळलं तेव्हा तो किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडं पडलं. कुणाची कोठी कुठं, धन कुठं पुरलंय, हे लुटणाऱ्यांना इतकं नेमकं ठाऊक होतं, की दोन वर्षांनी सुरतेत आलेल्या थेव्हेनो या फ्रेंच प्रवाशानं, शिवाजीराजे स्वतः वेष पालटून आधी शहर पाहून गेले होते, असं लिहून ठेवलं. परक्यांना यामागं जासुदांची फळी दिसेना, म्हणून त्यांनी चमत्कार मानला.

समोर मोगल होते, आणि बातमीच्या बाबतीत ते काही भोळे नव्हते. सुभ्यासुभ्यांत वाकेनवीस, सवानेहनिगार, खुफियानवीस असे लेखक नेमलेले असत. वाकेनवीस उघडपणे लिहायचा. तो सुभेदाराशी संगनमत करून काही दडवत नाही ना, हे पाहायला दुसरा. आणि या दोघांवर तिसरा गुप्तपणे लिहायचा. इटालियन प्रवासी मनुचीनं नोंदवलंय, की ही वर्तमानं रात्री जनानखान्यातल्या स्त्रिया बादशहाला वाचून दाखवत. औरंगजेबाच्या दरबाराची अशी शेकडो अखबारं आजही शिल्लक आहेत. त्यांतला मोठा संग्रह टॉडनं लंडनला नेला, आणि सेतुमाधवराव पगडी यांनी त्यांतला बराच मजकूर मराठीत आणला. ती वाचताना मौज वाटते. एका ओळीत किल्ला पडल्याची बातमी, पुढच्या ओळीत कुणाला खिलत मिळाली आणि कुणाचा मनसब वाढला ते.

या यंत्रणेचा घाव कसा बसू शकतो, हे १६८९ च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी अनुभवलं. संभाजी महाराज संगमेश्वरी थोड्या माणसांनिशी आहेत, ही खबर मुकर्रबखानाला हरकाऱ्यांकडून लागली. तो कोल्हापूरकडून निवडक स्वार घेऊन सह्याद्रीच्या अवघड वाटांनी घाट उतरला आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना येऊन कोसळला. डोंगर आपले, वाटा आपल्या, हा भरवसा त्या दिवशी कामाला आला नाही.

चाळीसेक वर्षांनी पहिल्या बाजीरावांनी या खेळाला वेगळंच वळण दिलं. त्यांच्या मोहिमांत बातमी काढण्याइतकंच महत्त्व होतं शत्रूला बातमी मिळू न देण्याला. निजामाविरुद्धच्या मोहिमेत त्यांनी आधी जालन्याची बाजू मारली, मग बुऱ्हाणपुरावर जाऊन ते शहर जाळणार अशी हूल उठवली. निजाम तिकडं वळला, तोवर बाजीराव गुजरातेत. निजाम चिडून पुण्यावर चालून गेला, तर बाजीराव उलटे त्याच्या मुलखात. अवजड तोफखाना, बाजारबुणगे आणि बैल घेऊन चाललेल्या निजामाला बाजीराव कुठं आहेत ते कळेना. त्याच्या चहूबाजूंना घिरट्या घालणाऱ्या मराठी टोळ्यांना मात्र त्याचा प्रत्येक मुक्काम ठाऊक. चरायला बाहेर पडलेला बैल सुखरूप परत येईना, तिथं जासूद कुठला परतणार? शेवटी वैजापूरजवळ पालखेडला पाण्यापासून तोडून त्याला कोंडलं, फेब्रुवारी १७२८ मध्ये. पुढच्या महिन्यात मुंगी-शेवगावचा तह झाला. लढाई म्हणावी अशी लढाई फारशी झालीच नाही.

पालखेडचं हे चित्र लक्षात ठेवून पानिपतच्या मोहिमेकडं पाहावं. तिथं नेमके हेच डाव मराठ्यांवर उलटले.

ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊंनी कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला. दाणागोटा मिळाला, दसरा थाटात झाला. अब्दाली यमुनेच्या पलीकडं अडकलेला, पूर ओसरेपर्यंत तो येत नाही, असा सगळ्यांचा समज. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ नदी उतरून अलीकडं आला. एवढी मोठी फौज, घोडी, उंट, तोफा नदी पार करतात, आणि आपल्या छावणीला त्याची वेळेवर खबर नाही! पानिपतच्या पराभवाची कारणं सांगताना गारद्यांचे गोल, होळकरांचा सल्ला आणि बायकामुलांचं लटांबर यांवर पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. बागपतचा उतार त्या मानानं चार ओळींत उरकला जातो. माझ्या मते चूक तिथंच झाली. दिल्लीची वाट त्या दिवशी तुटली आणि पुढचे अडीच महिने ती तुटलेलीच राहिली.

असं का व्हावं? महाराष्ट्रात जासुदाला गावोगाव आसरा होता. पाटील, कुलकर्णी, देवळातला पुजारी, ओढ्याकाठची धनगरं, कुणीही चार शब्द सांगायचं. गंगा-यमुनेच्या मधल्या अंतर्वेदीत हे काहीच नव्हतं. मराठी माणूस तिथं तोंड उघडताच ओळखू यायचा. अब्दालीकडं नजीबखान रोहिला होता आणि तो प्रदेश त्याचाच. मराठ्यांसाठी रसद आणि बातमी या दोन्हींची भिस्त गोविंदपंत बुंदेल्यांवर होती, ते डिसेंबरात अचानक पडलेल्या छाप्यात मारले गेले. त्यानंतर छावणी जवळजवळ आंधळीच झाली.

जानेवारीच्या सुरुवातीची एक घटना या आंधळेपणाचं टोक दाखवते. दिल्लीला नारो शंकरांकडं असलेला पैसा पानिपताला आणण्यासाठी पराशर दादाजीच्या हाताखाली काही स्वार निघाले. प्रत्येकाच्या कमरेला रोकड. रात्री अंधारात वाट चुकून ते मराठी छावणी समजून थेट अफगाणांच्या गोटात शिरले आणि पहारेकऱ्यांशी मराठीत बोलू लागले. तिथंच कापले गेले. दोन छावण्या एकमेकींना इतक्या खेटून होत्या, आणि तरी आपल्या माणसाला आपला गोट सापडू नये!

पराभवाची बातमीसुद्धा पेशव्यांना स्वतःच्या यंत्रणेकडून कळली नाही. नानासाहेब तेव्हा मोठ्या फौजेनिशी उत्तरेकडं निघाले होते. वाटेत सावकारांचा एक कासीद हाती लागला. नऊ दिवसांत औरंगाबाद गाठायची बोली करून तो पानिपताहून निघाला होता, असं ग्रँट डफनं नोंदवलंय. त्याच्याजवळच्या पत्रात मोत्यं विरघळल्याचा, मोहरा हरवल्याचा आणि रुपये-पैसे गेल्याची मोजदाद नसल्याचा मजकूर होता. व्यापाराच्या हिशेबासारखी दिसणारी ही परिभाषा वाचताच पेशवे समजले. दोन मोत्यं म्हणजे भाऊ आणि पेशव्यांचा मुलगा विश्वासराव. सरकारी जासुदांच्या आधी सावकारांचा माणूस पोहोचला यात त्या काळच्या रीतीला धरून आश्चर्य काहीच नाही. राज्य बुडो वा तरो, हुंडीच्या धंद्याला खबर वेळेवर लागतेच.

घरच्या मैदानावर मात्र हीच माणसं, हीच पद्धत किती धारदार होती हे अठरा वर्षांनी मुंबईकर इंग्रजांना कळलं. नोव्हेंबर १७७८ मध्ये कंपनीची सुमारे ३,९०० माणसांची फौज रघुनाथरावांना गादीवर बसवायला पुण्याकडं निघाली. सोबत एकोणीस हजार बैल. रघुनाथरावांनी मुंबईच्या कौन्सिलला ग्वाही दिली होती, की आपण घाट चढताच मोठमोठे सरदार आपल्याला मिळतील. कौन्सिलला ते हवंच होतं, त्यामुळं त्यांनी ते मानलं. एकही नाव घेण्यासारखा सरदार येऊन मिळाला नाही. फौज अगदी संथ चालत होती आणि भिवराव पानशांच्या तोफा दोन्ही बाजूंनी मारा करून मागं सरत होत्या. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट गोळा लागून पडला. झाडावर चढून दुर्बिणीनं टेहळणी करताना त्याला टिपलं, असं मावळात अजून सांगतात. शत्रूच्या या शूर माणसाला मराठ्यांनी ‘इष्टुर फाकडा’ हे नाव देऊन टाकलं.

९ जानेवारी १७७९ला फौज तळेगावला पोहोचली, तर गाव जळत होतं. पुढं दाणा नाही, वैरण नाही. ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि गुपचूप परतीची वाट धरली. गुपचूप म्हणजे त्यांच्या समजुतीनं. मध्यरात्र उलटते न उलटते तोच मराठे पिछाडीवर तुटून पडले. उजाडेपर्यंत फौज वडगावात कोंडली गेली होती, आणि त्याच आठवड्यात तिथं तो प्रसिद्ध नामुष्कीचा तह लिहून द्यावा लागला. ज्या मुलखात प्रत्येक वाडीला कान आहेत तिथं बैलांच्या तांड्यासह चोरपावलांनी चालता येत नाही.

कंपनीनं यातून धडा घेतला, आणि तो बंदुकांपेक्षा कागदाच्या बाजूनं जास्त घेतला. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट पुण्याच्या दरबारी रेसिडेंट म्हणून आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर त्याचं बिऱ्हाड थाटलं गेलं. नाना फडणविसांची माणसं दिल्ली, हैदराबाद, शिंद्यांची छावणी अशी सगळीकडं पेरलेली होती. महादजींच्या गोटात सदाशिव दिनकर, निजामाकडं गोविंदराव काळे. त्यांची पत्रं आजही वाचायला मिळतात, आणि दरबारात कोण कुणाच्या कानाला लागलं इथवरचा तपशील त्यांत असतो. मॅलेटनं नवं काही शोधून काढलं नाही. त्यानं तेच हरकारे, तेच मुनशी, तीच अखबारं पगारी ठेवली. वेगळं होतं ते एवढंच, की पुण्याहून गेलेलं पत्र कलकत्ता, मुंबई, हैदराबाद आणि शिंद्यांच्या छावणीतला रेसिडेंट अशा सगळीकडच्या पत्रांशी ताडून पाहिलं जाई. नानांकडंही पत्रांचे ढीग येत होते. पण ते ताडून पाहणारं डोकं नानांचं एकट्याचं. १८०० मध्ये नाना गेले आणि ती पारख त्यांच्याबरोबरच गेली. शिंदे, होळकर, भोसले आणि पेशवे यांचे जासूद यानंतर मुख्यतः एकमेकांच्याच मागावर राहिले.

१८०३ च्या युद्धात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं हरकाऱ्यांची जी व्यवस्था लावली, ती मला या साऱ्या गोष्टीतली सर्वांत विचार करण्याजोगी वाटते. त्यानं बातमीची तीन खाती केली, प्रत्येकाचा प्रमुख वेगळा. एका खात्याच्या हरकाऱ्यांना दुसऱ्याच्या हरकाऱ्यांचा पत्ता नाही. तिन्हींच्या खबरा स्वतंत्रपणे त्याच्याकडं येत आणि तो त्या एकमेकींशी लावून पाही. त्याच्या सोबत या कामाला होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, वय जेमतेम तेवीस. मराठी-फारसीची पत्रं आणि हरकाऱ्यांच्या जबान्या यांत तो तरुण दिवसदिवस बुडालेला असायचा.

आता यातली गंमत. हेरांनी एकमेकांना ओळखू नये, आणि तिघांची खबर जुळली तरच ती खरी मानावी, हे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात स्पष्ट सांगितलेलं आहे. त्यात तर एका जागी बसून काम करणारे आणि फिरते असे हेरांचे वर्गच पाडले आहेत : कपटी शिष्य, संन्यासी, शेतकरी, व्यापारी, तापस, भिक्षुणी. पण १८०३ मध्ये तो ग्रंथ कुणाच्याच हाती नव्हता. म्हैसूरच्या शामशास्त्रींना त्याची पोथी मिळाली १९०५ साली आणि ती छापली गेली १९०९ मध्ये. वेलस्ली अर्थातच कौटिल्य वाचून शहाणा झाला नव्हता. फसवला गेलेला माणूस शेवटी याच उपायावर येऊन ठेपतो, इतकाच याचा अर्थ. मोगलांचे तीन-तीन बातमीलेखकही याच वाटेनं आले होते.

आणि तीन खाती असूनही वेलस्ली फसला! २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज भोकरदनला आहे, अशी त्याच्याकडं पक्की खबर होती. कर्नल स्टीव्हन्सन दुसऱ्या वाटेनं येणार आणि २४ला दोघांनी मिळून हल्ला करायचा, असं ठरलेलं. प्रत्यक्षात मराठ्यांची छावणी भोकरदनपासून असईपर्यंत पसरलेली होती, आणि तिचं असईकडचं टोक त्याच्या मुक्कामापासून काही मैलांवर आलेलं. हरकाऱ्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. भोकरदन हे गावाचं नाव तसंच भोवतालच्या परगण्याचंही. त्यांनी परगणा सांगितला, यानं गाव ऐकलं. युद्धातल्या कित्येक चुका फितुरीपेक्षा अशा साध्या ऐकण्यातूनच होतात, पण बखरींना फितुरी जास्त आवडते.

स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्यानं हल्ल्याचं ठरवलं. मधे केळणा नदी. वाटाड्यांना विचारलं तर ते एकमुखानं म्हणाले, इथं उतार नाही. तिन्ही खबरा जुळल्या की मानायचं, हा नियम इथं लावला असता तर तो परतच गेला असता. पण त्याला समोर नदीच्या दोन काठांवर एकमेकींसमोर वसलेली दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. इतकी जवळ गावं आणि त्यांची ये-जा नाही, असं कसं होईल? उतार असणारच. माणसं पाठवून पाहिलं, उतार निघाला. फौज तिथूनच पार झाली. संध्याकाळपर्यंत त्याची सुमारे सोळाशे माणसं पडली वा जखमी झाली होती आणि शिंद्यांच्या ९८ तोफा त्याच्या ताब्यात आल्या होत्या. उतारवयात, वॉटर्लू जिंकल्यानंतरही, आपली सर्वोत्तम लढाई कोणती या प्रश्नाला तो असईचंच नाव घ्यायचा. टेकडीपलीकडं काय आहे याचा अंदाज बांधण्यात आयुष्य गेलं, असंही तो म्हणे. त्या अंदाजाची शिकवणी जालना जिल्ह्यातल्या एका नदीकाठी झाली होती.

एल्फिन्स्टन पुढं १८११ मध्ये पुण्याचा रेसिडेंट झाला. हरकाऱ्यांच्या जबान्या घेत घेत शिकलेली विद्या आता त्यानं पुण्याच्या गल्लीबोळांत वापरली. दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यातली खलबतं संगमावर पोहोचत होती. कंपनीच्या शिपायांना फितवायला पेशव्याची माणसं फिरत, आणि ज्यांना पैसे दाखवले तेच शिपाई येऊन साहेबाला सांगत. बाळाजीपंत नातू तर उघडउघड त्याच्या बाजूला होते. तरी केवळ एका नातूंवर पेशवाई बुडवण्याचं बिल फाडणं ही आपल्याकडची सोपी सवय झाली. त्या वेळचं निम्मं पुणं संगमावर काही ना काही सांगून येत होतं, कुणी पैशासाठी, कुणी बाजीरावाच्या जाचाला कंटाळून, कुणी जुनं उट्टं काढायला.

ऑक्टोबर १८१७ च्या अखेरीच्या एका रात्री काहीतरी शिजतंय हे रेसिडेन्सीला हवेतच कळत होतं. गारपिराच्या बाजूनं पेशव्याचे स्वार दिवसेंदिवस जवळ तळ देत होते. शहरात तोफांना बैल जुंपल्याची, घोड्यांवर जीन चढल्याची खबर आली. एल्फिन्स्टन गच्चीवर उभा राहून गावाकडचा गलबला ऐकत राहिला, त्याच्याजवळ ग्रँट नावाचा तरुण कॅप्टन होता. हल्ला आज होणार की उद्या? बातम्या दोन्ही बाजूंनी येत होत्या. त्यानं आधी हात उचलायचा नाही असं ठरवलं, पण १ नोव्हेंबरला पलटणी खडकीला हलवल्या, जिथं जमीन त्याच्या सोयीची होती. ५ तारखेला बापू गोखल्यांनी लढाई सुरू केली तेव्हा संगमावरचा बंगला एल्फिन्स्टनच्या पुस्तकांसह आणि रोजनिशांसह जळाला, फौज मात्र शाबूत राहिली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढलं. ते चढवताना नातू हजर होते.

गच्चीवरचा तो कॅप्टन म्हणजे जेम्स ग्रँट, पुढं ग्रँट डफ या नावानं ओळखला गेलेला. १८१८ नंतर तो साताऱ्याचा रेसिडेंट झाला, आणि काल-परवापर्यंत ज्या कागदांतला मजकूर मिळवायला हरकाऱ्यांना अजुरा मोजावा लागे, ती दप्तरं आता थेट त्याच्या टेबलावर आली. बखरी, वकिलांची पत्रं, सरदारांच्या कैफियती यांवरून त्यानं मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास लिहिला, तो १८२६ मध्ये लंडनला छापला गेला. मोत्यं आणि मोहरांच्या पत्राची हकिगत बहुतेकांना त्याच्यामार्फतच ठाऊक आहे. त्यावर पहिली सडकून टीका १८६७ मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी केली, तेव्हा ते विद्यार्थी होते. मग विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी वाईला जाऊन जुनी दप्तरं उपसली आणि १८९८ मध्ये पानिपतपर्यंतच्या पत्रांचा पहिला खंड छापला. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या छावण्यांमधली पत्रं काढली. त्या खंडांत एकाच मुक्कामाबद्दल तीन-तीन पत्रं सापडतात, तीन जासुदांनी तीन वाटांनी नेलेली, आणि खऱ्यांना ती एकमेकींशी ताडत बसावं लागलं.